टोकाच्या परिस्थितीत तगणारे प्राणी: अनुभव-दालन उभारताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं जिल्हा विज्ञान केंद्रं, महाविद्यालयांची प्राणिशास्त्र संग्रहालयं आणि नगरपालिकांची छोटी दालनं डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत. जागा साधारण १५० चौरस मीटर, म्हणजे १,६०० चौरस फूट. एका वेळी शाळेची ५० मुलं येणार, असं धरलं आहे.

अनुभव-दालन म्हणजे चारही भिंतींवर प्रोजेक्टर लावायचे का?

नाही. भिंतभर हलणारा देवमासा बघून मुलं पहिली दोन मिनिटं थक्क होतात, मग फोटो काढून पुढे जातात. प्राण्याचं अचाटपण कळायला तुलना लागते, आणि प्रत्येकाजवळ असलेलं माप म्हणजे स्वतःचं शरीर. आपला श्वास किती वेळ पुरतो, आपला हात किती थंडी सोसतो, आपले डोळे कुठे हतबल होतात, आपल्या कानांना काय ऐकूच येत नाही, हे आधी जाणवू द्या. ‘हा प्राणी याच्या पलीकडे जातो’ हे त्यानंतर सांगा. प्रोजेक्टर एकच घ्या, तोही खोल समुद्राच्या अंधाऱ्या बोगद्याच्या शेवटी (बोगद्याबद्दल पुढे वाचा).

प्राणी किती आणि कोणते निवडावेत?

आठ ते दहा पुरेत. प्राण्यांची यादी करण्याआधी मर्यादांची यादी करा: श्वास, विरळ हवा, थंडी, अंधार, आवाज, कोरडेपणा. मग प्रत्येक मर्यादेखाली एक-दोन प्राणी घ्या. त्यांतले दोन-तीन तरी मुलांनी पाहिलेले किंवा जवळपास दिसणारे असावेत. मुंबई-ठाण्यात चिखलावर उड्या मारणारी निवटी मासळी आहे. उजनी, नाथसागर आणि नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात पट्टकादंब हे रानहंस येतात. वटवाघूळ तर गावोगावी आहे. दूरच्या प्राण्यांपेक्षा यांच्यासमोर मुलं जास्त वेळ थांबतात, कारण घरी गेल्यावर ती त्यांना शोधू शकतात.

श्वासाचा भाग कसा मांडावा?

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक गोष्ट म्हणजे भिंतीवरची पट्टी. १० सेकंदांना १ सेंटिमीटर हे माप धरा. सरावाशिवाय माणूस ३० ते ६० सेकंद श्वास रोखतो, म्हणजे ३ ते ६ सेंटिमीटर. हत्ती सीलची नोंदलेली सर्वांत लांब बुडी सुमारे २ तासांची, म्हणजे ७.२ मीटर. क्युव्हिएरच्या चोचदार देवमाशाची २०२० साली प्रसिद्ध झालेली नोंद २२२ मिनिटांची आहे, म्हणजे १३.३ मीटर. ही पट्टी न तोडता एकाच भिंतीवर बसवा. ती कोपऱ्यात वळवली की परिणाम अर्धा होतो. मुलं बोटाने माणसाची पट्टी मोजतात आणि मग देवमाशाच्या टोकापर्यंत चालत जातात. ते चालणं हाच अनुभव आहे. पट्टी जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर ठेवा, म्हणजे चाकाच्या खुर्चीतूनही हात पोचेल.

आफ्रिकेतला नागवा मोल-उंदीर प्राणवायूशिवाय १८ मिनिटं तगतो, म्हणजे १०८ सेंटिमीटर. पण तो श्वास रोखत नाही, प्राणवायू नसलेल्या हवेत तग धरतो. त्या वेळी त्याचा मेंदू फ्रुक्टोजवर चालतो. म्हणून त्याची पट्टी वेगळ्या रंगाची करा आणि फरक तिथेच लिहा. एकाच रंगात दाखवली तर ती चूक ठरते.

मुलांना श्वास रोखण्याची स्पर्धा ठेवावी का?

अजिबात नको. चढाओढीत मुलं चक्कर येईपर्यंत थांबतात, आणि दमा असलेलं मूल कोणतं हे आपल्याला माहीत नसतं. त्याऐवजी एक बाक ठेवा आणि समोर हळू उजळणारा-विझणारा दिवा लावा: ४ सेकंद श्वास आत, ४ सेकंद बाहेर. फलकावर लिहा, ‘देवमाशाच्या त्या एका बुडीत तुमचे असे सुमारे १,६०० श्वास होतील.’ (२२२ मिनिटं भागिले ८ सेकंद, १,६६५.)

विरळ हवा कशी दाखवायची? स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावतात, ते चालेल का?

स्ट्रॉ नको. त्यात श्वास ओढायला जोर लागतो, पण हवा विरळ होत नाही, त्यामुळे शिकवण चुकीची होते. शिवाय तोंडात घालायची वस्तू शाळेच्या गर्दीत स्वच्छ ठेवता येत नाही.

सारख्या आकाराचे तीन पारदर्शक ॲक्रिलिकचे डबे घ्या. चेंडू म्हणजे हवेचे रेणू. पहिल्यात १०० चेंडू म्हणजे समुद्रसपाटी, दुसऱ्यात ५० म्हणजे ५,५०० मीटर, तिसऱ्यात ४० म्हणजे सुमारे ७,००० मीटर. डबे फिरवता येतील असे आडव्या दांड्यावर बसवा.

पट्टकादंब एवढ्या कमी प्राणवायूत कसा उडतो, हे दाखवायला चुंबकांची जोडी उपयोगी पडते. त्याचं हिमोग्लोबिन प्राणवायू अधिक घट्ट पकडतं. बंद पेटीत दोन रूळ बसवा, एकावर साधं चुंबक आणि दुसऱ्यावर जास्त ताकदीचं, आणि तळाशी ८ मिलिमीटरच्या मोजक्याच पोलादी गोळ्या ठेवा. हँडल फिरवलं की दुसरा रूळ जास्त गोळ्या उचलतो. पेटी स्क्रूने बंद करा आणि वर ॲक्रिलिकच्या चिकटद्रव्याने सील करा. सुटी निओडायमियम चुंबकं मुलांच्या हाती कधीच देऊ नका. दोन चुंबकं गिळली गेली तर ती आतड्याच्या भिंतींना मध्ये घेऊन एकमेकांना चिकटतात आणि छिद्र पाडतात.

थंडीचा अनुभव कमी खर्चात देता येतो का?

देता येतो. त्यासाठी वनस्पती तूप लागतं. झिप लावता येणाऱ्या दोन मोठ्या पिशव्या घ्या. एकीत अर्धा किलो वनस्पती तूप भरा. दुसरी उलटी करून आत घाला आणि दोन्हींच्या झिपा एकमेकांत अडकवून कडेने टेप लावा. तूप दोन पिशव्यांच्या मध्ये बंद राहतं आणि हात कोरडा आत जातो. हा झाला चरबीचा हातमोजा. शेजारी तुपाशिवायचा तसाच रिकामा हातमोजा ठेवा, कारण तुलनेशिवाय काही कळत नाही. दोन्ही हात २० लिटरच्या आइसबॉक्समधल्या बर्फाच्या पाण्यात घालायचे, जास्तीत जास्त ३० सेकंद. रिकाम्या हातमोज्यातला हात आधी बाहेर येतो.

इथे अडचणी दोन येतात. मे महिन्यात पंखेही अपुरे पडणाऱ्या दालनात तूप इतकं मऊ होतं की एका कडेला साचतं आणि बोटांवर थरच उरत नाही. म्हणून हातमोज्यांच्या तीन जोड्या करा आणि दोन फ्रिजमध्ये ठेवा. दुसरी अडचण खवटपणाची. दर आठवड्याला तूप बदला, वास येईपर्यंत थांबू नका.

थंड धातूची पट्टी बसवली तर?

विजेवर थंड होणारी पेल्टियरची पट्टी चांगली चालते, पण कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात तिच्यावर सतत पाणी सुटतं. हवेतला दवबिंदूच, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचं पाणी व्हायला लागतं तोच, २४-२५ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे ५ अंशांची पट्टी थेंब गाळणारच. पट्टी थोडी तिरकी बसवा, खाली पन्हळ आणि नळी द्या, आणि वायरिंग पट्टीच्या वरच्या बाजूने आणा. तापमान शून्याच्या खाली नेऊ नका, ओला हात धातूला चिकटतो. पट्टीमागच्या गरम बाजूला पंखा लागतोच. तो धुळीने अडला की पट्टी थंड व्हायची थांबते. थंडीचा भाग बंद पडण्याचं हे सर्वांत नेहमीचं कारण आहे.

खोल समुद्राचा अंधारा बोगदा कसा बांधावा?

या भागावर सर्वांत जास्त विचार खर्च करा, कारण चांगला जमला तर मुलांना वर्षानुवर्षं आठवतो.

लांबी ८ मीटर, रुंदी १.८ मीटर. चाकाची खुर्ची वळवायला १.५ मीटर व्यासाची मोकळी जागा लागते, म्हणून रुंदीत कंजुषी नको. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. पहिल्या पाच मिनिटांत बराच फरक पडतो, पूर्ण सवयीला अर्धा तासही जातो. त्यामुळे प्रकाश एकदम तोडू नका: प्रवेशाशी १०० लक्स (उजेड मोजायचं एकक), मग ३०, मग १०, आणि शेवटच्या भागात ३. लक्समीटरनेच मोजा, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. भिंती मॅट काळ्या हव्यात. चकचकीत रंगावर दिव्याचं प्रतिबिंब उमटतं आणि खोलपणाचा भास नाहीसा होतो.

आत फक्त निळा प्रकाश ठेवा. पाण्यात पहिल्या काही मीटरांतच लाल रंग शोषला जातो आणि निळा सर्वांत खोल पोचतो. बोगद्यात लाल रंगवलेल्या झिंग्याची प्रतिकृती ठेवा. निळ्या प्रकाशात तो काळा दिसतो, म्हणजे जवळजवळ अदृश्य होतो. मूल पांढऱ्या टॉर्चचं बटण दाबतं आणि तो झगझगीत लाल होऊन समोर येतो. खोल पाण्यातले इतके प्राणी लाल का, हे एका फटक्यात कळतं. मग पुढच्या कोनाड्यात मॅलाकोस्टियस मासा ठेवा, ज्याच्या डोळ्याखाली स्वतःचा लाल दिवा असतो. इतरांना न दिसणाऱ्या प्रकाशात तो शिकार शोधतो.

ही युक्ती बहुतेकदा दिव्यात फसते. पांढऱ्या एलईडी पट्टीवर निळा जिलेटीन कागद लावला तर थोडा लाल प्रकाश निसटतो आणि झिंगा तपकिरी दिसतो. फक्त निळी चिप पेटणारी पट्टी घ्या. प्रतिकृतीला साधा लाल एनॅमल द्या. फ्लोरोसंट नारिंगी किंवा गुलाबी अंश असलेला रंग निळ्यात चमकतो. रंगाचा डबा घेण्याआधी तुकडा रंगवून त्याच पट्टीखाली तपासा.

जमिनीवर कडेने बारीक प्रकाशरेषा हवी. सगळे दिवे एकदम लावणारं बटण मदतनिसाच्या हाताशी हवं, आणि ते आगीच्या गजराशीही जोडलेलं हवं. पडदे अग्निरोधक कापडाचेच. बाहेर पडायला दोन वाटा हव्यात.

मुलं अंधाराला घाबरली तर?

बोगद्याला समांतर एक उजेडाची वाट ठेवा, भिंतीत दोन झरोके करा. तिथूनही झिंगा दिसला पाहिजे. घाबरलेल्या मुलाला वगळलं गेल्यासारखं वाटता कामा नये.

वटवाघळाचा आवाज कसा ऐकवायचा?

माणसाला तरुणपणी २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं. अनेक वटवाघळांच्या हाका ४०-५० किलोहर्ट्झच्या असतात. ध्वनिमुद्रण दहापट हळू वाजवलं की ४५ किलोहर्ट्झची हाक ४.५ वर येते आणि सहज ऐकू येते. मात्र मूळ मुद्रणाचा सॅम्पलिंग दर (सेकंदाला आवाजाचे किती नमुने टिपले तो आकडा) हाकेच्या वारंवारतेच्या किमान दुप्पट हवा. १९२ किंवा २५६ किलोहर्ट्झवर केलेलं मुद्रण मिळवा. नेहमीच्या ४४.१ च्या फाइलीत ती हाक मुळात नसतेच, मग हळू वाजवून फक्त खरखर मिळते. वटवाघळांवर काम करणाऱ्या जवळच्या विद्यापीठ विभागाकडे विचारा, आणि वापरायची परवानगी लेखी घ्या.

आधी मूळ वेगात वाजवा. दिवा लुकलुकतो, ध्वनीचा आलेख हलतो, आणि काहीच ऐकू येत नाही. मग बटण दाबून हळू वाजवा. शांततेची ती दहा सेकंदं कापू नका. साधे स्पीकर ही उच्च वारंवारता काढतच नाहीत, म्हणून मूळ वेगाच्या वेळी ‘हा आलेख आहे, आवाज नाही’ असं प्रामाणिकपणे लिहा.

शेजारच्या भागात आवाज पसरू नये म्हणून मागे ५० मिलिमीटरचं रॉकवूल (आवाज शोषणारी खनिज लोकर) आणि त्यावर कापड लावा. नुसता प्लाय आवाज परतवतो. दोन स्पीकरांमध्ये ४-५ मीटर अंतर ठेवा.

जलअस्वलाची प्रतिकृती किती मोठी असावी?

जलअस्वल म्हणजे टार्डिग्रेड, ओल्या मॉसमध्ये सापडणारा आठ पायांचा सूक्ष्म प्राणी. अर्ध्या मिलिमीटरच्या प्राण्याला २,००० पट मोठं केलं की १ मीटर होतो. हे प्रमाण फलकावर लिहाच, नाहीतर लहान मुलं तो डुकराएवढा प्राणी समजतात. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने २०१५ साली अशा प्राण्यांवर प्रदर्शन केलं, त्यातही जलअस्वल भलंमोठं करून मांडलं होतं. तो आकार मुलांना धरून ठेवतो.

प्रतिकृती दोन करा: एक आठ पायांची, चालती, दुसरी सुकून पिंपासारखी आक्रसलेली. या दुसऱ्या अवस्थेत अंगात अगदी थोडंच पाणी उरतं आणि चयापचय जवळजवळ थांबतो. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही.

फायबरच्या कामात ३-४ मिलिमीटर जाडी ठेवा. नख्यांमध्ये आणि पायांमध्ये ६ मिलिमीटरची लोखंडी सळई घाला, कारण मुलं पायाला धरून लोंबकळतात. रेझिनचा वास जायला किमान दोन आठवडे मोकळ्या हवेत ठेवून मगच दालनात आणा.

खरं जलअस्वल दाखवणंही शक्य आहे. पावसाळ्यात भिंतीवर, झाडांच्या खोडांवर वाढणारा मॉसचा मखमली थर काढा, पावसाच्या पाण्यात काही तास भिजवा, पेट्री डिशमध्ये पिळा आणि ४० पट सूक्ष्मदर्शकाखाली बघा. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतं. पहिल्या नमुन्यात सापडेलच असं नाही, सात-आठ ठिकाणचे नमुने आणा.

जिवंत प्राणी ठेवावेत का?

नाही. लोकांना दाखवण्यासाठी बंदिस्त प्राणी ठेवणं म्हणजे कायद्याच्या भाषेत प्राणिसंग्रहालय चालवणं. त्यासाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूची बदलल्या आहेत, त्यामुळे जुनी यादी धरून निर्णय घेऊ नका. पण कायदा बाजूला ठेवला तरी आवाज, अंधार आणि गर्दीचं दालन प्राण्यासाठी क्रूर जागा आहे.

निवटी दाखवायची तर पर्याय सोपा आहे. ओहोटीच्या चिखलाचा देखावा करा. कल्ल्यांजवळच्या कप्प्यात ती पाणी साठवते, हे कापलेल्या प्रतिकृतीत दाखवा. ओलसर त्वचेतूनही ती प्राणवायू घेते, म्हणून चिखलात लोळून अंग ओलं ठेवते. तिचं नाव ‘निवटी’ असंच लिहा. कोळीवाड्यातल्या मुलांना ते नाव फलकापेक्षा आधी माहीत असतं, आणि तिथे ती सगळ्या वर्गाला समजावून सांगतात.

आमच्याकडे पेंढा भरलेले जुने नमुने आहेत. मुलांना हात लावू द्यावा का?

नाही. १९८० च्या आसपासपर्यंत असे नमुने टिकवायला आर्सेनिक वापरण्याची पद्धत होती. जुना नमुना विषारी आहे असं धरूनच चाला: हाताळताना नायट्राइलचे हातमोजे, मास्क, आणि काचेच्या बंद कपाटात मांडणी. पिसं आणि केस असलेल्या नमुन्यांवर ५० लक्सपेक्षा जास्त प्रकाश नको. कीड दिसली, म्हणजे कपाटाच्या तळाशी बारीक भुसा किंवा अळ्यांच्या कातीसारखं काही पडलेलं दिसलं, तर नमुना प्लॅस्टिकमध्ये सील करून उणे २० अंशांना दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, दालनाच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दव धरतं. संरक्षित प्राण्यांच्या नमुन्यांची मालकी-प्रमाणपत्रं आधी तपासा आणि शंका असेल तिथे वनविभागाचं लेखी उत्तर घ्या.

कोणत्या माहितीत हमखास चुका होतात?

‘पट्टकादंब एव्हरेस्टवरून उडतात’ हे ऐकीव आहे. उपग्रहाने माग काढलेल्या पक्ष्यांची सर्वांत जास्त उंची ७,२९० मीटर आहे आणि बहुतेक उड्डाणं त्याच्या बरीच खाली होतात. ही खरी गोष्टही थक्क करणारीच आहे.

‘जलअस्वल काहीही सोसतं’ हेही चूक. सुकलेलं सोसतं, चालतं-फिरतं नाही. २०२० च्या एका अभ्यासात एका जातीची सक्रिय जलअस्वलं साधारण ३७ अंशांच्या पाण्यात २४ तास ठेवल्यावर निम्मी मेली. म्हणजे आपल्या अंगाएवढ्या ऊबेत! हे वाक्य फलकावर मोठ्या अक्षरात लावा.

मँटिस श्रिंप या झिंग्यासारख्या समुद्री प्राण्याच्या डोळ्यांत रंग टिपणाऱ्या बारा प्रकारच्या पेशी असतात म्हणून तो आपल्यापेक्षा कितीतरी जास्त रंग ओळखतो, असं लिहिलं जातं. २०१४ च्या प्रयोगात जवळजवळचे रंग ओळखण्यात तो माणसापेक्षा कमी पडला.

फलकांची भाषा कशी असावी?

‘थंडीपासून वाचण्यासाठी अस्वलाने दाट केस वाढवले’ असं लिहू नका. कुठल्याही प्राण्याने ठरवून काही केलं नाही. ‘दाट केसांची अस्वलं जास्त जगली, त्यांना जास्त पिल्लं झाली, पिढ्यानपिढ्या दाट केसच उरले’ असं लिहा. दोन वाक्यं जास्त लागली तरी चालतील, अनुकूलन हा शब्द त्यामुळेच समजतो.

मुख्य फलक ६० शब्द, वस्तूजवळची पट्टी ३० शब्द. हातभर अंतरावरून वाचायचा मजकूर २८ ते ३२ पॉइंट, ओळींमधलं अंतर दीडपट. वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांत अडकू देऊ नका. छपाईला देण्याआधी एक फलक खऱ्या आकारात कागदावर काढून दीड मीटरवरून वाचून बघा. प्रिंटरला मजकूर युनिकोडमध्ये द्या, आणि अंतिम पीडीएफ अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं आकृतीत रूपांतर करून, घ्या. जुन्या फॉन्टमधून रूपांतर करताना ‘खाऱ्या’, ‘दऱ्या’ यांसारख्या शब्दांतला ऱ्य हमखास मोडतो. असे शब्द अक्षर-अक्षर तपासा.

अंध पाहुण्यांसाठी काय करावं?

चरबीचा हातमोजा, चेंडूंचे डबे, श्वासाची पट्टी, वटवाघळाचा आवाज: अर्धं दालन त्यांच्यासाठी आधीच तयार आहे. श्वासाच्या पट्टीला उठावदार कड द्या, प्रत्येक प्राण्याच्या टोकाला वेगळ्या पोताचा तुकडा लावा आणि मराठी ब्रेल पट्ट्या बसवा. जलअस्वलाची हातात मावेल अशी छोटी प्रतिकृतीही ठेवा, कारण एक मीटरचा आकार हाताने एकदम उमगत नाही.

५० मुलं एकदम आली तर?

दहा-दहाचे पाच गट, पाच थांबे, प्रत्येकी सात मिनिटं. ३५ मिनिटं झाल्यावर दहा मिनिटं मोकळं फिरू द्या. गट बदलायची खूण म्हणून दिवे हळू मंद-तेज करा. शिट्टी वाजवली तर वटवाघळाचा कोपरा वाया जातो.

वीज गेली तर काय?

प्रत्येक थांब्याला वेगळा एमसीबी (बिघाड होताच वीज आपोआप तोडणारा स्विच) द्या. एक बिघाड सगळं दालन बंद करू नये. प्रोजेक्टर आणि प्लेअर वीज आल्यावर आपोआप सुरू होणारे निवडा. पासवर्ड टाकावा लागणारा संगणक सकाळी उघडून द्यायला कुणी नसलं की दिवसभर काळा पडदा राहतो. बोगद्याची प्रकाशरेषा यूपीएसवर हवी.

काम कधी सुरू करावं?

सहलींचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्याआधी तयार व्हायचं तर फायबरच्या प्रतिकृती मे अखेरपर्यंत हातात हव्यात. जूनपासून गणपतीपर्यंत चांगले मूर्तिकार आणि सजावटीचे कारागीर दुसरं काम घेत नाहीत, घेतलं तरी मागे पडतं. जानेवारीत प्रत्येक थांब्याची पुठ्ठ्याची कच्ची प्रतिकृती करून १०-१५ मुलांवर तपासा. मुलं न सांगता काय करतात ते बघा: कुठे हात घालतात, काय ओढतात, कोणतं बटण दोनदा दाबतात. बटण दोनदा दाबलं जात असेल तर पहिल्या दाबाला उत्तर उशिरा येतंय, ते अर्ध्या सेकंदाच्या आत आणा.

सर्वांत आधी काय मोडतं?

बटणं, मग हँडल, मग टॉर्चची वायर. प्रत्येकाचे तीन सुटे नग पहिल्या दिवसापासून कपाटात ठेवा, आणि एकूण खर्चातला १० ते १५ टक्के भाग दुरुस्तीसाठी वेगळा काढून ठेवा. ‘नादुरुस्त’ची पाटी आठवडाभर लटकली की मुलं शेजारची चालू वस्तूही हाताळत नाहीत.